कशापायी सांडलंस?

दुष्काळी गावात पाणी जपून वापरा असं कुणाला सांगावं लागत नाही. तिथं तांब्याभर पाण्याचं मोल पोराटोरांनाही ठाऊक असतं. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे. मी राहते ते जयसिंगपूर शिरोळ तालुक्यात. कृष्णा आणि पंचगंगा याच तालुक्यात, नरसोबाच्या वाडीला, एकमेकींना मिळतात. गावाबाहेर पडलं की नजर जाईल तिकडे ऊस. पावसाळ्यात वाडीच्या देवळात उत्तरेच्या दारानं पाणी शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि दक्षिणद्वाराचं स्नान साधायला माणसांची रीघ लागते. अशा मुलखात राहून मी भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून झाडांना घालते, आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी पिंपात साठवून वापरते. भेटायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं हे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आपल्याला कुठं पाण्याची कमी आहे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

पाणी का वाचवायचं, याचं आज सगळीकडे एकच उत्तर मिळतं: कमी आहे म्हणून. नगरपालिकेच्या भिंतीवर तेच, मुलांच्या निबंधात तेच. हायस्कूलात विज्ञान शिकवताना मीही तेच सांगत आले. ते खोटं नाही. पण ते टंचाईवर उभं आहे, आणि टंचाई सरली की त्याच्या पायाखालची जमीन सरते. धरण भरल्याची बातमी येते, आणि उन्हाळाभर बादलीनं गाडी पुसणारी माणसं दुसऱ्या दिवशी पाइप काढून बसतात. धरणाच्या पातळीबरोबर जे वर-खाली होतं त्याला तजवीज म्हणता येईल, धर्म म्हणता येणार नाही. मला पडलेला प्रश्न असा आहे: पाणी मुबलक असताना ते सांडण्यात काही चूक आहे का? आणि असेल, तर ती कुणाविरुद्ध केलेली चूक आहे?

आम्ही दिगंबर जैन. माझ्या सासूबाईंना सगळं घर आत्ती म्हणायचं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण सकाळी मंदिरात शास्त्रवाचन ऐकल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नसत. जुन्या घराच्या परड्यात विहीर होती. आत्ती पाणी शेंदायच्या आणि घागरीच्या तोंडावर जाड खादीचं दुहेरी फडकं धरून गाळायच्या. इतपत अनेक घरांत होतं. त्यापुढचं काम मात्र मी लग्न होऊन आल्यावर नीट पाहिलं. गाळून झालं की त्या फडकं उलटं करायच्या, त्यावर गाळलेलंच थोडं पाणी सोडायच्या आणि फडक्यात अडकलेले जीव एका छोट्या बादलीत उतरवून घ्यायच्या. याला जिवाणी म्हणतात. त्या बादलीच्या बुडाला कडी होती. कडीला दोर अडकवून बादली सावकाश विहिरीत सोडायची, पाण्याला टेकली की ती आडवी होते आणि आतलं पाणी अलगद विहिरीत मिसळतं. वरून ओतलं तर जीव आपटून मरतील, म्हणून ही व्यवस्था. आणि ज्या विहिरीतलं पाणी, जिवाणी त्याच विहिरीत जायला हवी. आडाची जिवाणी नदीत टाकायची नाही, नदीची आडात नाही, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असं नाही. गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. मग पुन्हा गाळायचं. उकळलेलं असेल तर २४ तास.

हे सगळं आत्ती सकाळच्या घाईत करायच्या. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी भरपूर असायचं, तेव्हा ही काळजी टंचाईपोटी नव्हती हे उघड आहे. आम्हा सुनांच्या हातून पाणी सांडलेलं दिसलं तर किती सांडलं ते त्या कधी विचारत नसत. "कशापायी सांडलंस गं?" एवढंच विचारायच्या. अंगण सारवायला, गुराला पाजायला, लेकराला न्हाऊ घालायला सांडलं असेल तर घागर रिकामी झाली तरी चालायचं. काही कारण सांगता आलं नाही, तर ओंजळभर पाण्यालाही त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

त्यांच्या या विचारण्यामागं मोठं तत्त्वज्ञान होतं, हे मला पुढं शास्त्र वाचताना कळत गेलं. जैन दर्शनात पाणी ही जीवांची राहण्याची जागा आहे, पण तेवढंच नाही. पाणी हेच काही जीवांचं शरीर आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती ही ज्यांची शरीरं, ते स्थावर जीव. त्यांना स्पर्श हे एकच इंद्रिय. फडक्यात अडकतात ते हलणारे, चालणारे त्रस जीव. त्यांना गाळून वाचवता येतं. पाणीच ज्यांचं शरीर आहे त्यांना गाळून वेगळं कसं करणार? म्हणजे गाळलेलं पाणीही सजीवच. तांब्याभर पाणी प्यायलं, हिंसा झाली. चूळ भरली, हिंसा झाली. गृहस्थाला ती टाळता येत नाही, आणि शास्त्र त्याला ती टाळ असं सांगतही नाही.

काही प्रवचनकार इथं सूक्ष्मदर्शकाचा दाखला देतात: पाहा, पाण्याच्या थेंबात हजारो जंतू दिसले, आमच्या आचार्यांनी हे आधीच सांगितलं होतं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला हा दाखला पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते पाण्यात राहणारे जंतू. पाणी हेच ज्यांचं शरीर, ते जलकायिक जीव कुठल्याही भिंगाखाली दिसलेले नाहीत आणि दिसतील असं शास्त्रही म्हणत नाही. ती श्रद्धेची बाब आहे, आणि श्रद्धेला प्रयोगशाळेची उसनी साक्ष लागू नये. मी ते मानते ते असं: पाण्यापुढं उभं राहताना आपण एखाद्या वस्तूपुढं उभे नाही, कुणापुढं तरी उभे आहोत, असं धरून वागायचं. तसं वागणाऱ्या माणसाचा हात आपोआप सावध होतो. आत्तींचा हात तसा होता.

विचार करणाऱ्या माणसाला इथं एक अडचण येते, आणि ती टाळून पुढं जाणं बरोबर नाही. पाणी सजीव असेल तर ते उकळणं म्हणजे त्यातले सगळे जीव मारणं. मग आमचे मुनी उकळलेलं पाणी घेतात, ते कसं? परंपरेचं उत्तर असं की न उकळलेल्या पाण्यात जीव सतत उपजत राहतात आणि प्रत्येक घोटाबरोबर हिंसा चालू राहते. उकळल्यानं ती एकदाच होते आणि वापराला मर्यादा पडते. हे उत्तर मला पूर्ण समाधान देत नाही. उकळण्याची हिंसा गृहस्थाच्या चुलीवर झाली आणि मुनी तिच्यापासून वेगळे राहिले, एवढ्यावर मन थांबत नाही. पण त्याच मुनींचं जगणं पाहिलं की उत्तराची दुसरी बाजू दिसते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात आणि पाणीही त्याच वेळी. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही, वैशाखातल्या विहारातसुद्धा नाही. स्नान नाही, अस्नान हा मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक आहे. जवळ असतो तो शुद्धीसाठी कमंडलू. त्याचं भरायचं तोंड रुंद आणि ओतायची तोटी बारीक असते. येणं मोठं असलं तरी जाणं लहान ठेवावं, हे प्रवचनांत त्यावरूनच सांगतात. ज्यानं आपली गरजच एवढीशी केली, त्याच्या नावावर चुलीवरची ती एक हिंसा मांडताना मला संकोच वाटतो, कारण माझ्या घरातल्या एका दिवसाच्या धुण्याभांड्यांचं पाणी त्याच्या कित्येक दिवसांना पुरून उरेल.

गृहस्थासाठी या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात सापडलं. श्रावकाच्या व्रतांत एक व्रत अनर्थदंडाचं आहे. ज्यातून आपलं काही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा करायची नाही, हे ते व्रत. अशा निष्कारण हिंसेचे पाच प्रकार ग्रंथात सांगितलेत, आणि त्यातल्या प्रमादचर्येत म्हणजे बेसावध वागण्यात कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं, उगाच भटकणं हे सगळं मोडतं. शेतकऱ्यानं शेताला पाणी द्यावं, आईनं स्वयंपाक करावा, त्यातली हिंसा पत्करून संसार करावा, हे शास्त्राला मान्य आहे. मान्य नाही ती कारणाशिवाय झालेली हिंसा. पाणी थोडं आहे की महामूर, याचा तिथं विचारच नाही. नदीकाठी उभं राहून निष्कारण सांडलेली ओंजळ ही वाळवंटात सांडलेल्या ओंजळीइतकीच चूक आहे. आत्ती विचारायच्या ते हेच.

यावर माझ्या नातवानं, तो अकरावीत आहे, बरोबर शंका काढली. "आज्जी, पाणी नाहीसं थोडंच होतं? वाफ होईल, ढग होईल, पुन्हा पडेल. मग नुकसान कुणाचं?" जलचक्र मीच त्याला शिकवलंय. पण पाणी फिरून येतं म्हणजे ते जसंच्या तसं आपल्या नळाला येतं असं नाही. नदीतून मोटारीनं उचलायचं, तुरटी आणि क्लोरीन घालून शुद्ध करायचं, टाकीत चढवायचं, तेव्हा ते नळाला येतं. आणि मोरीतून जातं तेव्हा साबण, फिनेल, तेल घेऊन जातं. आमच्या पंचगंगेत मासे मरून वर आल्याच्या बातम्या दर थोड्या वर्षांनी येतात. आत्ती विहिरीचे जीव त्याच विहिरीला परत द्यायच्या. आम्ही घेतलेलं पाणी नदीला कोणत्या रूपात परत देतो, ते तिथल्या माशांना विचारावं. ज्याला निष्कारण म्हणतात ते सांडणं कधीच एकटं नसतं, त्याच्या मागं वीज असते, पुढं नदी असते.

माझं माहेर याच तालुक्यातलं. जमीन खोल काळी. नदीवरून उपसा योजनेचं पाणी आलं आणि उसाला पाटानं पाणी सुरू झालं. पाळी आली की सरी तुडुंब भरेपर्यंत सोडायचं, पिकाला हवं का ते न पाहता. आपली पाळी आहे एवढंच कारण. काळ्या जमिनीतून निचरा होत नाही. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं, त्याबरोबर क्षार आले, उन्हानं पाणी उडालं आणि पांढरी खपली मागं राहिली. आधी उसाची वाढ खुंटली, मग उगवण बंद झाली, शेवटी त्या तुकड्यात वेडी बाभूळ माजली. क्षारपड झालेली अशी हजारो हेक्टर जमीन शिरोळ तालुक्यात आहे. पुढं जमिनीत खोलवर छिद्रांचे पाइप पुरून निचरा करायच्या योजना आल्या, गावोगाव शेतकऱ्यांनी एकत्र येऊन खर्च उचलला, आणि पडीक तुकडे पुन्हा पिकू लागले. दुष्काळानं जमीन पडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यानंही पडते, हे आमच्या तालुक्यानं पाहिलंय. तरीही मी माझं उत्तर या उदाहरणावर उभं करणार नाही. 'सांडलं तर आपलंच नुकसान होतं म्हणून सांडू नका' असं म्हटलं की गोष्ट पुन्हा नफ्यातोट्यावर येते. नुकसान झालं नसतं तरी ती सरी निष्कारणच भरली होती.

आणि ज्याला आपण आपलं मुबलक पाणी म्हणतो ते आपलं आहे का, हेही पाहायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत कमी पाऊस आमच्या शिरोळ तालुक्यात पडतो. नद्या भरून येतात त्या गगनबावड्याच्या, महाबळेश्वराच्या, कोयनेच्या पावसानं. आमची समृद्धी दुसऱ्यांच्या डोंगरावर पडते आणि वाहत आमच्याकडे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती महापूर होऊन आली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. आसपासच्या गावांतली माणसं जयसिंगपुरात आसऱ्याला आली. चहूकडे पाणी, आणि पाणी उपसायची केंद्रंच बुडाल्यामुळे कोल्हापुरात नळ कोरडे. शाळेच्या वर्गात उतरलेल्या बायका पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या जपून उशाशी ठेवायच्या, ते मी पाहिलंय. त्याआधी तीन वर्षं, एप्रिल २०१६ मध्ये, आमच्या शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. ते पाणी कृष्णेचंच होतं. लातूरला गेलं तेव्हा कुणाचं झालं? ते आधीही आमचं नव्हतं, एवढंच मला म्हणता येतं. वाहत्या पाण्यातलं आपण वापरतो तेवढ्यापुरते आपण त्याचे धनी, आणि तेही वापराला काही प्रयोजन असेल तर.

आता घरातलं आणि बागेतलं. आरओचं मशीन एका तांब्यामागं दोन-तीन तांबे पाणी बाजूला टाकतं. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते मी फरशी पुसायला, संडासात आणि जोत्याच्या पायऱ्या धुवायला वापरते. झाडांना घातलंच तर भाजी-तांदळाच्या धुवणात मिसळून आणि रोज एकाच झाडाला नाही. क्षारपड शेत पाहिलेल्या बाईला एवढं कळायलाच हवं. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला जातं. त्यांना ते मानवतं. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलंय. भाऊ बैलगाडीभर आणून टाकतो. पाचटाखाली माती भर उन्हातही गार आणि ओली राहते, तण कमी येतं, आणि वर्षभरात पाचटाचं खतच होतं. शेतकरी हे पाचट पेटवून देतात तेव्हा माझा जीव तुटतो. त्यातले जीव जळतात, जमीन उघडी पडते आणि मग तीच जमीन जास्त पाणी मागते. लिंबाच्या आळ्याजवळ एक सच्छिद्र मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. ते भरून वर झाकण ठेवलं की मुळांना लागेल तसं पाणी झिरपतं. आमच्याकडे सूर्यास्तानंतर झाडांना पाणी घालत नाहीत, अंधारात किडामुंगी दिसत नाही म्हणून. आणि भर दुपारी घातलं तर बरंच उडून जातं. राहते ती सकाळ. ओलावा आहे का ते बोटानं मातीत पाहायचं, असेल तर त्या दिवशी झाडाला पाणी नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपनं खालच्या टाकीत घेतलंय. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होतं, हे गणित मी सातवीच्या मुलांकडून करून घ्यायची.

अनेकजण म्हणतात, एकट्या घराच्या दोन बादल्यांनी काय होणार, खरं पाणी उसात आणि कारखान्यांत जातं. ते खरं आहे, आणि शेतातल्या ठिबकाबद्दल, पाटपाण्याच्या पाळ्यांबद्दल बोललंच पाहिजे. माझ्या भावाशी मी त्यावरून भांडलेय आणि त्यानं निम्म्या रानाला ठिबक केलंय. पण व्रत घेणारा माणूस जगाचा हिशेब पाहून व्रत घेत नाही. जगात खोटं फार बोललं जातं म्हणून आपल्या एका खोट्यानं काय बिघडणार, असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

एका गोष्टीबद्दल मात्र आपल्या समाजाचं कौतुक करावंसं वाटतं. मुनिसंघ गावात येणार म्हटलं की आहाराच्या चौक्याला, म्हणजे मुनींचा स्वयंपाक होतो तिथं, विहिरीचं पाणी लागतं. नळाच्या पाण्याची जिवाणी परत कुठं सोडणार? मग लोक गल्लीतल्या जुन्या विहिरी शोधतात, त्यातला कचरा काढतात, गाळ उपसतात, वर जाळी बसवतात. आमच्या गल्लीतली विहीर बुजवून तिथं गाळे काढायचं ठरत होतं. चातुर्मासाला संघ आला, विहीर साफ झाली, आणि ती आजही जिवंत आहे. एका जुन्या नियमानं एक विहीर वाचली. पण संघ पुढं गेला की आम्ही पुन्हा नळाखाली बादली भरून वाहू देतो, मंदिराच्या आवारात पाय धुवायचा नळ टपटपत असतो आणि शेकडो माणसं त्याच्या शेजारून अभिषेकाला जातात. मूर्तीवर घातलेला कलश वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्याला प्रयोजन आहे, आणि गंधोदकाचा, म्हणजे अभिषेकाच्या पाण्याचा, थेंब कपाळाला लावताना कुणी तो सांडत नाही. त्या नळाला मात्र काहीच प्रयोजन नाही.

चातुर्मास जवळ आलाय. आपल्यातले पुष्कळजण कांदा, लसूण, बटाटा सोडतील, रात्रीचं जेवण सोडतील, कुणी एकासनं करतील. त्यांना माझी विनंती आहे की यंदा त्याबरोबर अनर्थदंडाचा एक नियम घ्यावा: कारण सांगता येणार नाही असं पाणी घरात, बागेत किंवा मंदिरात सांडणार नाही. चारच महिने घ्या. आणि घेण्याआधी घरातला आणि मंदिरातला प्रत्येक नळ रात्री घट्ट बंद करून त्याखाली भगुणं ठेवा. सकाळी ज्याच्याखाली पाणी दिसेल त्याचा वायसर त्याच दिवशी बदलून घ्या.